केल्विन वर गेला

"मी लावलेली जोडी आजवर मोडलेली नाही!"

हे वाक्य ब्रॉनविन दर सोमवारी ऑफिसात म्हणायची, आणि म्हणताना टेबलावर अशी थाप मारायची की कपातला चहा बशीत यायचा. हाताखालची माणसं मान डोलवायची. डोलवतील नाही तर काय करतील? कुणाची ड्यूटी कुठे लावायची हे ब्रॉनविनच्याच हातात होतं.

मिंडारी हे व्हिक्टोरिया राज्याच्या गव्हाच्या मुलखातलं गाव. एकच मोठा रस्ता. त्याच्या एका टोकाला धान्याची कोठारं, दुसऱ्या टोकाला फुटबॉलचं मैदान आणि मधोमध, बेकरीच्या माडीवर, ब्रॉनविनचं ऑफिस. अपंग माणसांना त्यांच्या घरी मदतनीस पुरवायचे, हे तिथलं काम. कुणाला सकाळी उठवून तयार करायचं, कुणाला बाजारात न्यायचं, कुणाबरोबर नुसतं बसून पत्ते खेळायचे. "माणूस काय, कुणीही पाठवेल," ब्रॉन म्हणायची. "माणूस जुळवावा लागतो!" लग्न जुळवणारे छत्तीस गुण बघतात. ब्रॉनला एकच पुरायचा. दोघांना एकच गोष्ट आवडते ना? मग उडवून द्या बार!

या कामात एक खोट होती. आभार कुणी मानत नसे. मदतनीस वेळेवर पोचला की फोन वाजत नाही, आणि नाही पोचला की वाजायचा थांबत नाही. "ब्रॉन, तुझ्यामुळे माझं बरं चाललंय गं," असं इतक्या वर्षांत एका तरी माणसाने म्हटलं असेल तर शपथ! "मला काय करायचेत आभार?" असं ती वरवर म्हणायची आणि आतून वाट बघायची.

दुसरी खोट ब्रॉनमध्येच होती, पण ती तिच्याखेरीज सगळ्या गावाला ठाऊक होती. समोरच्याचं वाक्य ती स्वतःच पुरं करायची. बेकरीवाला "ब्रॉन, आजचा ब्रेड..." म्हणाला की ही "संपला ना? वाटलंच मला!" म्हणत जिना चढून मोकळी. तो बिचारा "...माझ्याकडून घेऊन जा" असं रिकाम्या जिन्याला सांगत उभा.

अशा बाईच्या वाट्याला नेव्हिल ट्रास्क आला.

नेव्हिल साठीला टेकलेला, जन्मापासून चाकाच्या खुर्चीत. हातपाय त्याचं ऐकत नसत आणि जीभ ऐकायची, पण सवडीने. डोकं मात्र लखलखीत. विहिरीतून बादली ओढावी तसा तो एकेक शब्द वर काढायचा. बादली भरलेली यायची, पण वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ काठावर कुणी थांबत नसे. त्याच्याकडे एक विनोद होता, तोसुद्धा अर्धाच राहिला होता. एक धनगर एका म्हातारीकडून कुत्रं विकत घेतो. घरी नेऊन "ये!" म्हणतो, कुत्रं येत नाही. "मेंढ्या आण!" म्हणतो, कुत्रं हलत नाही. तो तणतणत परत जातो, "बाई, तुमचं कुत्रं ठार बहिरं आहे!" म्हातारी म्हणते, "बहिरं नाही हो, तुम्ही 'प्लीज' म्हणालात का?" इथवर पोचायला नेव्हिलला इतका वेळ लागायचा, की ऐकणारा "हा हा, छान होता!" म्हणून उठायचाच. नेव्हिलच्या मते इथे विनोदाची नुसती सुरुवात झालेली असायची.

मदतनीस त्याच्याकडे टिकत नव्हते. आणि त्यातच त्याच्या थोरल्या बहिणीचा, हेझलचा, ॲडलेडहून ब्रॉनला फोन आला.

"मी गुरुवारी येतेय. तोवर नेवला कायमचा, भरवशाचा माणूस मिळाला तर ठीक. नाही तर मी त्याला घेऊन जाणार. इथल्या केअर होममध्ये खोली बघून ठेवलीय."

"खोली सोडून द्या!" ब्रॉन गरजली. "मी लावलेली जोडी आजवर..."

फोन हेझलने ठेवला होता. नेव्हिलला घर सोडायचं नव्हतं. आईवडिलांनी बांधलेलं घर ते, बापाने चाकाच्या खुर्चीसाठी दारं स्वतःच्या हाताने रुंद केलेली. ब्रॉनने मनाशी ठरवलं, हा माणूस या घरातून हलता कामा नये. आणि ती तडक त्याच्याकडे गेली.

"नेव, अगदी मोकळेपणाने सांग. कसा माणूस हवा तुला?"

"मला... कुत्र्यां...वर..."

"...जीव असलेला! एवढंच ना? अरे, गाव भरलंय!"

"आणि... दुसरं..."

"दुसरं तिसरं मी बघते! तू आता काळजी सोड."

कोचावर पडलेल्या गोधड्यांच्या ढिगातून एक सुस्कारा आला. ब्रॉनला वाटलं हीटर असेल.

आता इथे मिंडारीची एक गोष्ट सांगायला हवी. या गावात 'कुत्रे' म्हणजे फुटबॉलचा संघ. शनिवारी सगळं गाव निळे-पांढरे मफलर गळ्यात घालून मैदानाच्या कडेला उभं राहतं आणि "चला रे कुत्र्यांनो!" म्हणून घसा फोडतं. दुसरीकडे माणसाला कुत्रा म्हटलं तर मारामारी होईल, इथे तो छाती पुढे काढतो. लग्नाच्या मुलाबद्दलही पहिला प्रश्न हाच, "पोरगा कुत्रा आहे ना?" खऱ्या, चार पायांच्या कुत्र्यांना लोक त्यांच्या नावांनीच ओळखतात. त्यामुळे नेव्हिलने कुत्रे म्हणताच मिंडारीत जन्मलेल्या बाईला जे समजायचं तेच ब्रॉन समजली.

आणि असा माणूस तिच्याकडे होता! केल्विन स्टब्ज. कुत्र्यांच्या बचावफळीतला शेवटचा गडी. उंची दाराएवढी, रुंदीही जवळजवळ तेवढीच. दंडावर दात विचकलेला बुलडॉग गोंदवलेला. कोठारावरचं काम सुटल्यावर त्याने मदतनिसाचं शिक्षण घेतलं होतं आणि कुठलीही गोष्ट तो सावकाश, निगुतीने करायचा.

"केल्व, जीव आहे ना कुत्र्यांवर?" ब्रॉनने विचारलं.

"बॉस, हा काय प्रश्न झाला? कुत्र्यांसाठी मी गुडघा मोडून घेतलाय!"

"छत्तीस गुण!" ब्रॉनने टेबलावर थाप मारली.

एक गोष्ट तिने विचारली नाही आणि त्याने सांगितली नाही. लहानपणी शेजारच्या बाईचा मुठीएवढा कुत्रा केल्विनच्या पोटरीला लटकला होता. तेव्हापासून शेपूट असलेला प्राणी दिसला की हा गडी रस्ता बदलायचा.

गुरुवारी सकाळी, आधीचा मदतनीस नेव्हिलला खुर्चीत बसवून गेल्यावर, केल्विन नेव्हिलच्या घरात शिरला. तिथे काय झालं ते ब्रॉनला नंतर कळलं, पण आपण आधी बघून घेऊ.

"गुड मॉर्निंग, नेव! मी केल्विन!" तो म्हणाला, आणि कोचावरचा गोधड्यांचा ढीग उठून उभा राहिला.

ती मॉड होती. शर्यतीतून निवृत्त झालेली ग्रेहाउंड कुत्री, करड्या रंगाची, काठीसारख्या पायांची, उंचीने केल्विनच्या कमरेला लागणारी. नेव्हिलचं सगळं जग ते. ॲडलेडच्या केअर होममध्ये माणसांना खोल्या होत्या, कुत्र्यांना मज्जाव होता, म्हणून तर नेव्हिलला तिकडचं नाव काढलेलं खपत नव्हतं. मॉडने जांभई दिली. जांभईत दात दिसले. केल्विनचा रंग उडाला.

"बस!" केल्विन ओरडला. मॉड त्याच्याकडे निघाली. "थांब! जा! घरी जा!"

ती घरीच होती. केल्विन पाठमोरा हटत हटत झोपायच्या खोलीत पोचला. तिथे छताच्या रुळाला हॉइस्ट टांगलेला होता. हॉइस्ट म्हणजे माणसाला झोळीत घालून पलंगावरून उचलायचं आणि खुर्चीत ठेवायचं यंत्र. हातात बटण असतं. दाबलं की झोळी वर जाते. केल्विन झोळीत बसला आणि त्याने बटण दाबलं. बचावफळीचा शेवटचा गडी पाळण्यातल्या बाळासारखा छताला लागला. त्या धांदलीत बटणाची पेटी हातातून सुटून खाली लोंबकळायला लागली. मॉडने ती प्रेमाने तोंडात धरली आणि तिथेच बैठक मारली. अडचणीच्या वेळी खाली यायला एक लाल दोरी असते, ती केल्विनच्या हाताशी होती. पण खाली मॉड होती.

नेव्हिल दाराशी आला. त्याने वर बघितलं, खाली बघितलं, आणि खुर्चीवरच्या फोनचं मोठं बटण कोपराने दाबलं.

"बोल नेव!" ब्रॉनचा आवाज उत्साहाने फुटत होता. "कसा आहे आपला केल्विन?"

"केल्विन... वर..."

"हं?"

"...गेला."

ब्रॉनच्या हातातला कप टेबलावर आपटला. "वर गेला? आपला केल्विन? कसा रे? असा अचानक?"

"मॉड...ला... बघून..."

मॉड कोण हे विचारायला ब्रॉन जाग्यावर होती कुठे? रिसीव्हर टेबलावरून लोंबत होता आणि त्यातून नेव्हिल आपलं वाक्य इमानाने पुरं करत होता, "...झोळीत... बसलाय... उतरत... नाही... घाई... नाही... सावकाश... ये."

घाई नाही! ब्रॉनने आधी ॲम्ब्युलन्सला फोन केला. मग अग्निशमन दलाला केला, कारण मिंडारीत काहीही झालं तरी त्यांना बोलावतातच, नाही बोलावलं तर त्यांना राग येतो. मग केल्विनच्या आईला, शर्लीला. शर्ली क्लबच्या स्वयंपाकघरात शनिवारच्या सामन्यासाठी चीज-खिम्याचा लझान्या करत होती.

"शर्ली, मन घट्ट कर," ब्रॉन रडत म्हणाली. "आपला केल्व... नेव्हिलच्या घरी..."

पुढचं तिला बोलवेना. या खेपेला वाक्य शर्लीने पुरं केलं. त्या किंकाळीने मैदानावर सराव करणारी पोरं धावत आली. क्लबचा झेंडा अर्ध्यावर उतरला. प्रशिक्षकाने टोपी काढली, डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "शनिवारी मागे कोण उभं राहणार?"

ॲम्ब्युलन्स, लाल बंब, बुटांचे खिळे टकटक वाजवत आलेला सगळा संघ आणि मांडीवर लझान्याचा ट्रे घेऊन प्रशिक्षकाच्या गाडीत बसलेली शर्ली, अशी वरात नेव्हिलच्या दारी लागली. ट्रे कशाला आणला होता ते शर्लीला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. गावात कुणी गेलं की लझान्या न्यायचा एवढं तिला ठाऊक होतं. आणि नेमकी त्याच वेळी हेझलची गाडी फाटकाशी थांबली.

हेझलने बंब बघितला, ॲम्ब्युलन्स बघितली, टोप्या काढून उभी असलेली माणसं बघितली. ती गाडीचं दार उघडंच टाकून पुढे आली. "नेव?" ती म्हणाली. "माझा नेव?"

ब्रॉनने तिचा हात धरला. "नाही हो, तुमचा नाही. आमचा!"

आणि तेवढ्यात खिडकीतून हसण्याचा आवाज आला.

साधंसुधं नाही. दोन माणसांचं, पोट धरून, श्वास लागेपर्यंतचं हसणं! अग्निशमन दलाचा म्होरक्या कुऱ्हाड खाली ठेवून म्हणाला, "मेलेला माणूस इतका खूश कसा?"

सगळे आत घुसले. झोळीत केल्विन डोळे पुसत होता आणि हसण्याने झोळी झोके घेत होती. खाली खुर्चीत नेव्हिल लालबुंद. त्यांच्या मधोमध बटण चघळणारी मॉड.

"केल्व! माझ्या सोन्या!" शर्लीने लझान्याचा ट्रे जमिनीवर ठेवला आणि वरून लोंबणारं लेकाचं पाऊल दोन्ही हातांनी कवटाळलं.

"मम? तू इथे कशी? अगं, ऐक ना, नेवने काय भन्नाट गोष्ट सांगितली! ते धनगराचं कुत्रं! तो घरी येऊन म्हणतो, 'प्लीज, मेंढ्या आण.' तर कुत्रं सगळ्या मेंढ्या आणतं. शेजाऱ्याच्यासुद्धा! आणि मग दारात असं आडवं बसतं की धनगराला घरातून बाहेर पडता येईना. हा खिडकीतून उडी मारून पुन्हा म्हातारीकडे. 'बाई, आता काय झालं त्याला?' तर म्हातारी म्हणते, 'अहो, थँक यू कोण म्हणणार?'"

खोली हसली. बंबवाले हसले, संघ हसला, शर्ली रडता रडता हसली. नेव्हिलने सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. ज्या विनोदाचा शेवट सांगायला उभा जन्म माणूस मिळाला नव्हता, तो ऐकणारा माणूस आज मिळाला होता, कारण त्याला पळून जायला जागाच नव्हती!

हेझल दारातच उभी होती. "लहानपणी तो असाच हसायचा," ती म्हणाली. "मी विसरूनच गेले होते. फोनवर त्याचं बोलणं संपायच्या आत मीच 'बरं बरं, ठेवते' म्हणायची." तिने नाक पुसलं. "ती खोली नको म्हणून कळवून टाकते आजच. पण नेव, हा माणूस... हा खाली येणार आहे ना?"

मॉडला खोलीबाहेर नेलं तेव्हा केल्विन खाली आला. हळूहळू गर्दी पांगली. जाताना म्होरक्याने ब्रॉनकडे असं बघितलं की तिला लझान्याच्या ट्रेमध्ये तोंड लपवावंसं वाटलं. ती कोचाच्या टोकावर अंग चोरून बसली. मॉड परत आली होती आणि शर्लीने जाताना कोचापाशी जमिनीवर ठेवलेल्या ट्रेचा समाचार घेत होती. केल्विन समोर स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडी घालून बसला होता.

"चुकलं माझं," ब्रॉन म्हणाली. तिचा आवाज आज प्रथमच लहान झाला होता. "नेव, तू खरे कुत्रे म्हणालास आणि मी फुटबॉलवाला पाठवला. मी दुसरा माणूस देते."

"का?" केल्विन ओट्यावरून ओरडला. "माझं काय वाईट झालं?"

"अरे, तुला कुत्र्यांची भीती वाटते!"

"वाटते की! शनिवारी मैदानात उतरतानाही वाटते, म्हणून मी उतरत नाही का? नेव म्हणतो, मॉड दिवसातून दोनदाच कोचावरून उठते. दोनदा मी ओट्यावर बसेन. पण बॉस, हा माणूस मी सोडणार नाही. याच्याकडे अजून गोष्टी आहेत!"

नेव्हिलने मान हलवली. "दुसरं..." तो म्हणाला.

ब्रॉनचे ओठ उघडले. तिने ते मिटले. वरून हात ठेवला.

"...सांगणार... होतो... तेव्हा. माणूस... घाई... नसलेला... हवा."

ब्रॉनला त्या दिवशीचं तिचं "दुसरं तिसरं मी बघते" आठवलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. गंमत अशी, की घाई नसलेला माणूस सगळ्या मिंडारीत शोधून तिला केल्विनपेक्षा चांगला सापडला नसता. देवाने तिची चूक पदरात घेऊन जोडी बरोबर लावली होती. तिने मनातल्या मनात देवाचे, मॉडचे आणि त्या झोळी शिवणाऱ्याचे आभार मानले.

"ब्रॉन..." नेव्हिल म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "तुझे..."

ब्रॉनने श्वास धरला. आले! इतक्या वर्षांनी आले! पुढचा शब्द जिभेच्या टोकावर नाचत होता, पण आज ती जीभ चावून बसली.

"...पाय..."

पाय! नुसते आभार नाहीत! तुझे पाय धुवून पाणी प्यायला हवं, असं म्हणतोय बिचारा! ब्रॉनच्या गालावरून पाणी ओघळलं.

"...मॉडच्या... जेवणात... आहेत."

ब्रॉनने खाली बघितलं. दोन्ही बूट घोट्यापर्यंत लझान्यात होते आणि मॉड त्यांच्या भोवतीने शिस्तीत खात होती. पाय धुवायची वेळ खरंच आली, पण धुवायचे तिचे तिलाच होते.

ती न्हाणीघरातून अनवाणी बाहेर आली तेव्हा नेव्हिलने पुन्हा तोंड उघडलं. यावेळी ब्रॉन कुठलीही आशा न ठेवता, दाराला टेकून, नुसती ऐकत राहिली.

"माझं... घर... राहिलं. मॉड... राहिली. तुझ्या...मुळे. आभार... ब्रॉन."

एवढं म्हणायला त्याला किती वेळ लागला ते ब्रॉनने मोजलं नाही. आजवरच्या सगळ्या न वाजलेल्या फोनांची भरपाई एका वाक्यात झाली होती. तिने नेव्हिलच्या खांद्यावर हात ठेवला, नाक ओढलं, बूट हातात घेतले आणि निघाली.

दारात मॉड आडवी पसरली होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"मॉड, सरक गं." मॉड ढिम्म. "सरक! प्लीज!" तरी ढिम्म. ओलांडावं तर पाय लांब हवेत, आणि ब्रॉनचे नव्हते.

"थँक यू म्हण, बॉस!" केल्विन ओट्यावरून ओरडला. "गोष्ट ऐकलीस ना? थँक यू म्हटल्याशिवाय नाही सोडायची ती!"

ब्रॉन गुडघ्यांवर बसली. आज तिचं मन इतकं भरून आलं होतं की कुत्रीलाच काय, दारालाही तिने हात जोडले असते. मॉडचा लांबोडका चेहरा तिने दोन्ही हातांत धरला आणि अगदी मनापासून, एकेक शब्द सावकाश उच्चारत ती म्हणाली, "मॉड, थँक यू. तुझ्यामुळे सगळं जुळलं. फार फार थँक यू."

मॉडने तिच्याकडे बघितलं. जांभई दिली. आणि डोळे मिटले.

"ब्रॉन..." मागून नेव्हिल म्हणाला. "ती..."

ब्रॉन थांबली. आता ती शिकली होती. गुडघ्यांवर बसल्या बसल्या, हात जोडून, ती वाक्य पुरं व्हायची वाट बघत राहिली.

"...बहिरी... आहे."